घाट न चढलेला हुकूम

नॅप यांनी संपादित केलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्यांचा पहिला खंड उघडला, की पहिल्याच पानावर पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाचं प्रकरण सुरू होतं. मुलाचं नाव मोरो रघुनाथ. निवाडा १८२९ चा.

मी मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करते. माझं बरंचसं काम स्थानबद्धांचं, म्हणजे ज्यांच्यावर खटला चालू नाही आणि तरी जे तुरुंगात आहेत अशांचं. अशा माणसाला कोर्टापुढे आणा म्हणून हेबियसचा अर्ज लिहिताना आम्ही वकील गोपालनचा निवाडा सांगतो, शिवकांत शुक्लाचा सांगतो, खुदीराम दासचा सांगतो. मोरो रघुनाथाचं नाव कुणी घेत नाही, कारण त्या निवाड्यातून आज अशिलाच्या उपयोगाचं काही निघत नाही. पण सरकारच्या हाताला कुणी अडवू शकतं का, हा प्रश्न आपल्या मुलखात भर कोर्टात, राज्यकर्त्यांच्या तोंडावर विचारला गेला तो या मुलापायी. आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं मिळालं. ते उत्तर पुसायला पुढे सव्वाशे वर्षं लागली. म्हणून ही हकीगत मराठीत नीट सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला आणि ज्याने त्याला सालीना आठ लाखांचं निवृत्तिवेतन कबूल केलं, तो सर जॉन माल्कम. हाच माल्कम १८२७ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टनच्या जागी मुंबईचा गव्हर्नर झाला. दख्खन त्याला माणसांसकट ठाऊक होतं. नव्या राजवटीने जुन्या सरदारांना काही शब्द दिले होते: त्यांचा मान राखला जाईल, सामान्य रयतेसारखं त्यांना कचेरीत उभं केलं जाणार नाही. हे शब्द पाळले नाहीत तर राज्य टिकणार नाही, असं माल्कमचं प्रामाणिक मत होतं.

मुंबई बेटावर मात्र आणखी एक सत्ता होती. १८२३ च्या राजसनदेने जुनं रेकॉर्डरचं कोर्ट मोडून ‘सुप्रीम कोर्ट’ स्थापन झालं आणि १८२४ मध्ये ते सुरू झालं. त्याचे न्यायाधीश इंग्लंडच्या राजाने नेमलेले, कंपनीने नव्हे. अपोलो स्ट्रीटवर, आज जिला ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणतात त्या इमारतीत ते बसे. नौदल गोदीच्या लायन गेटसमोरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हा अर्थशास्त्रावर लिहिणारा, ताठ कण्याचा गृहस्थ. १८२६ मध्ये सरकारने वर्तमानपत्रांना परवान्यात बांधणारा नियम नोंदणीसाठी पाठवला, तेव्हा या कोर्टाने तो नोंदवायला नकार दिला आणि बेटावर तो लागू होऊ शकला नाही. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने तसाच नियम तीन वर्षांपूर्वी नोंदवून घेतला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं भांडण काही चक्रम न्यायाधीशांनी उकरून काढलं, असं गव्हर्नरच्या बाजूने लिहिणारे सांगत आले आहेत.

मोरो रघुनाथ पुण्यात आपला चुलत आजोबा आणि पालक पांडुरंग रामचंद्र याच्या ताब्यात होता. घराणं मोठ्या मानाचं ब्राह्मण घराणं. मुलाला कोंडून ठेवलं आहे, त्याची प्रकृती ढासळते आहे, अशी प्रतिज्ञापत्रं १८२८ मध्ये मुंबईच्या कोर्टात दाखल झाली. कोर्टाने हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला. हा हुकूम असतो साधाच. ज्याने कोंडलं त्याच्या नावाने तो निघतो आणि सांगतो: त्या माणसाला सदेह कोर्टापुढे आण, आणि कोणत्या दिवशी, कशासाठी कोंडलंस त्याचा लेखी जबाब सोबत आण. जबाब कायद्यात बसला तर माणूस परत कोठडीत जातो. नाही बसला तर तिथल्या तिथे सुटतो. दोषी की निर्दोष हा प्रश्नच तिथे नसतो. विचारायचं एवढंच, की तुला हा अधिकार कुणी दिला.

त्याच सुमारास दुसरं प्रकरण आलं. बापू गणेश नावाचा एक कैदी ठाण्याच्या तुरुंगात होता. कंपनीच्या अदालतीने त्याला शिक्षा केलेली होती. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. १८१६ मध्ये बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे निसटले ते याच किल्ल्यातून, आणि आजही ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह तिथेच आहे. माझे अशील तिथे असतात. बापू गणेशाच्या जेलरकडेही हुकूम गेला. कंपनीच्या अदालतीने याला कोंडलं आहे, एवढ्यावर राजाच्या कोर्टाचं समाधान झालं नाही. त्या अदालतीला अधिकार कुठून आला तेही मांड, असं त्याने म्हटलं.

कोर्टाच्या म्हणण्याला आधार होता तो सनदेचा. इंग्लंडात किंग्ज बेंचच्या न्यायाधीशांना जे अधिकार असतात ते मुंबईच्या न्यायाधीशांना आहेत, असं सनदेत लिहिलेलं होतं. शिवाय पुणं आता राजाच्या अमलाखाली होतं. मग पुण्यातला मुलगा राजाचा प्रजाजन नाही काय? सरकारचं म्हणणं असं, की कोर्टाचा अधिकार बेटापुरता, आणि बेटाबाहेर फक्त गोऱ्या साहेबांपुरता. घाटावरच्या रयतेसाठी कंपनीच्या अदालती आहेत. पांडुरंग रामचंद्रासारख्या माणसाला मुंबईचा शेरीफ हुकूम देऊ लागला, तर दख्खनभर घबराट उडेल आणि एका मुलखात दोन सरकारं आहेत असं लोकांना दिसेल.

कायद्याच्या या वादात कोर्टाची बाजू लंगडी होती, असं मला वाटतं. सनद वाचली तर बेटाबाहेरचा अधिकार खरोखरच आखडता आहे. पण सरकारने वाद कायद्याने लढवला नाही. जबाब दाखल करायचा, अधिकारक्षेत्राचा आक्षेप घ्यायचा, हरलं तर विलायतेला अपील करायचं, हा सरळ मार्ग मोकळा होता. माल्कमने तो घेतला नाही.

३ ऑक्टोबर १८२८ ला गव्हर्नर-इन-कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. खाली चार सह्या: माल्कम, सरसेनापती ब्रॅडफर्ड, आणि कौन्सिलचे सदस्य स्पॅरो आणि रोमर. आशय असा: राज्याच्या सुरक्षेसाठी आम्ही ठरवलं आहे, की मोरो रघुनाथाच्या प्रकरणात यापुढे कोणतीही कारवाई चालू द्यायची नाही, आणि मुंबई बेटाबाहेर राहणारी एतद्देशीय माणसं किंवा प्रांतातल्या अदालतींचे अधिकारी यांच्या नावे असे हुकूम आले, तर त्यांना जबाब द्यायचा नाही.

शेवटच्या ओळीवर मी थांबते. गव्हर्नर कोर्टाला ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, तुमचा कागद आम्ही पोचू देणार नाही. त्याने निवाडा बदलण्याचा खटाटोप केला नाही, न्यायाधीशांना हात लावला नाही. फक्त ज्याने जबाब द्यायचा त्याला आवरून धरलं. कोर्टाजवळ फौज नसते. शेरीफ, बेलीफ, जेलर अशा तीन-चार माणसांनी आज्ञा पाळली तरच कोर्ट असतं, हे माल्कमने ओळखलं होतं.

सर एडवर्ड वेस्ट त्याआधीच ऑगस्टमध्ये वारला होता. उरले दोघे, सर चार्ल्स चेंबर्स आणि सर जॉन पीटर ग्रँट. चालू प्रकरणाबद्दल न्यायाधीशाला आलेलं खाजगी पत्र गुपचूप दप्तरी लावण्याची सोय असते. या दोघांनी ते पत्र भर कोर्टात वाचून दाखवलं. न्यायासनावर असं पत्र येऊच शकत नाही आणि आलं तर त्याची दखल घेता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. सरकारला काही मागायचं असेल तर ते इतर पक्षकारांप्रमाणे वकिलामार्फत, समोर उभं राहून मागावं. मला या सबंध प्रकरणात सर्वांत थोर वाटते ती ही गोष्ट. हुकूम चुकीचा असू शकेल. पत्र उघड वाचणं चुकीचं नव्हतं.

त्याच ऑक्टोबरात चेंबर्सही वारला. दोन महिन्यांत दोन न्यायाधीश गेले. ग्रँट एकटा राहिला आणि हटला नाही. पांडुरंग रामचंद्राच्या नावे पुन्हा हुकूम निघाला. मुलगा आला नाही. सरकारने अंमलबजावणीला हात लावायचं नाकारलं. शेवटी १ एप्रिल १८२९ ला ग्रँटने कोर्टच बंद केलं. माझ्या हुकुमांना मान मिळेल आणि त्यांची अंमलबजावणी होईल अशी हमी मिळेपर्यंत या कोर्टाचं काम थांबलं आहे, असं त्याने जाहीर केलं. बेटावरचे दावे, वारसापत्रं, फौजदारी कामं, सारं ठप्प. पक्षकारांचे हाल झाले असणारच, आणि त्याबद्दल ग्रँटला दोष देणारे तेव्हाही होते. मी वकील आहे. कोर्ट बंद ठेवणं मला पटत नाही. पण ज्या कोर्टाचा हुकूम सरकारच्या मर्जीवर पाळला जातो ते कोर्ट उघडं असल्याचा देखावा त्याला करायचा नव्हता, हे मला समजतं.

लंडनला हिंदुस्थानचा कारभार पाहणारा लॉर्ड एलनबरो माल्कमच्या पाठीशी होता. त्याने माल्कमला खाजगी पत्र लिहिलं: दोन नवे न्यायाधीश पाठवतो आहे, म्हणजे ग्रँट दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये चालणाऱ्या रानटी हत्तीसारखा होईल. हे पत्र पुढे फुटलं, हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि लंडनमध्ये एलनबरोची चांगलीच शोभा झाली. नेमणुका मात्र झाल्या तशाच राहिल्या. मुंबई सरकारचा स्वतःचा अ‍ॅडव्होकेट-जनरल, जेम्स ड्यूअर, याच कोर्टाचा मुख्य न्यायाधीश झाला. ग्रँट पुढे कलकत्त्याला गेला आणि तिथे न्यायाधीश झाला.

वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला आणि तिने १८२९ मध्येच निकाल दिला. दोन्ही हुकूम चुकीचे होते. सुप्रीम कोर्टाचा हेबियस एक तर बेटाच्या हद्दीत राहणाऱ्याच्या नावे निघू शकतो, किंवा हद्दीबाहेरच्या पण जातीने त्या कोर्टाच्या अधिकाराखाली असलेल्याच्या नावे. कंपनीच्या अदालतीच्या जेलरला तो पाठवता येत नाही. आणि त्या अदालतींचा अधिकार कोर्टाने आपणहून ओळखायचा, जेलरने तो जबाबात मांडण्याची गरज नाही. सारा निकाल हुकूम कुठवर पोचतो याचा. ३ ऑक्टोबरचं पत्र लिहिणं योग्य होतं का, यावर त्यात उत्तर नाही.

मोरो रघुनाथ कोर्टापुढे कधी उभा राहिला नाही.

माल्कमने १८३० च्या नोव्हेंबरात बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला आणि पुण्याहून मुंबईला बग्गीतून येता येऊ लागलं. कोर्टाचा हुकूम घाटाखालीच राहिला. निकालाचा खरा परिणाम समजून घ्यायचा तर त्याच्या शेजारी दुसरा एक कागद ठेवावा लागतो: एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंहितेतला पंचविसावा नियम. खटल्याइतका पुरावा नसला किंवा खटला चालवणं सोयीचं नसलं, तरी सरकारने राज्याच्या हितासाठी कुणालाही ‘राजबंदी’ म्हणून कोंडावं, अशी त्यात मुभा होती. एका बाजूला कारण न सांगता कोंडण्याचा अधिकार, दुसऱ्या बाजूला कारण विचारणारं कोर्ट बेटापुरतं. या दोहोंच्या मध्ये सबंध दख्खन सत्तर वर्षं राहिलं. मग १८९७ उजाडलं.

पुण्यात प्लेगच्या झडत्या चालल्या होत्या. बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या सरदार बंधूंनी सोजिरांच्या वागणुकीविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. जुलैत टिळकांना अटक झाली आणि त्याच सुमारास नातू बंधूंनाही. टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीतले सहा युरोपीय विरुद्ध, तीन हिंदी बाजूने. दीड वर्षाची शिक्षा झाली. अन्याय झाला, पण तो दिवसाढवळ्या झाला. आरोप छापलेला होता, बचाव मांडता आला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीनही दिला होता. नातूंवर आरोपच ठेवला गेला नाही. त्यांना पंचविसाव्या नियमाखाली उचललं आणि सुमारे दोन वर्षं अडकवून ठेवलं. कुठल्या कोर्टात जाणार? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४९१ वं कलम वाचा. हेबियसचा अधिकार उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीपुरता, म्हणजे पुन्हा मुंबई शहरापुरता. आणि पोटकलमात साफ लिहिलेलं, की १८२७ च्या पंचविसाव्या नियमाखाली अटकेत असलेल्यांना हे कलम लागूच नाही. आणि सरदारांना कचेरीत खेचू नये म्हणून जो कागद घाटाखाली अडवला होता, त्या कागदाची गरज सत्तर वर्षांनी सरदारांनाच पडली.

शहराची हद्द मोडली १९२३ मध्ये. त्या दुरुस्तीनंतर उच्च न्यायालयाचा हुकूम त्याच्या अपिलाच्या सबंध मुलखात चालू लागला. राजबंद्यांचा अपवाद तेवढा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा खटके उडाले. मुंबईच्या केशव तळपद्यांच्या अपिलात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांतला स्थानबद्धतेचा २६ वा नियमच अधिकाराबाहेरचा ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून तो उभा केला. नागपूरची गोष्ट मला याहून जवळची वाटते. मराठी वाचक ज्यांना कादंबरीकार म्हणून ओळखतात त्या पु. य. देशपांड्यांना पोलिसांनी अटक केली, तेव्हा त्यांच्या पत्नी विमलाबाई देशपांडे नागपूरच्या उच्च न्यायालयात गेल्या. कोर्टाने सुटका केली. सरकार अपिलात लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं आणि १९४६ मध्ये हरलं. संशय वाजवी होता हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने कोर्टाला पटवून दिलं पाहिजे. ‘मला संशय आला’ एवढं म्हणून भागणार नाही, असं त्या निकालाने सांगितलं. ठाण्याच्या जेलरने अधिकार मांडण्याची गरज नाही म्हणणारी प्रिव्ही कौन्सिल ती हीच.

मग संविधान आलं. हेबियसचा हुकूम काढण्याचा अधिकार कलम ३२ ने सर्वोच्च न्यायालयाला आणि कलम २२६ ने उच्च न्यायालयांना दिला. हुकुमाला आता बेट नाही, घाट नाही, सरदार-रयत भेद नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कलम ३२ ला संविधानाचं हृदय म्हटलं, हे शाळेतही सांगतात. त्यांनीच सप्टेंबर १९४९ मध्ये आजचं कलम २२ आणलं ते का, हे कमी सांगितलं जातं. जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलम २१ ची शब्दरचना अशी झाली होती, की संसदेने कसाही कायदा करून माणसाला कोंडावं. ती फट निदान थोडी तरी बुजावी म्हणून कलम २२. थोडीच बुजली. प्रतिबंधक स्थानबद्धता त्याच कलमात कायम राहिली, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

आणीबाणीत ती फट भगदाड झाली. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखालच्या कैद्यांचे अर्ज चालवता येतात असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांपैकी एक. २८ एप्रिल १९७६ ला शिवकांत शुक्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते सारे निकाल फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी अ‍ॅटर्नी-जनरल नीरेन डे यांना विचारलं होतं: पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरी दाद नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे ३ ऑक्टोबर १८२८ चंच पत्र, फक्त या वेळी ते न्यायासनाने स्वीकारलं. खन्ना एकटे विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल रद्दबातल ठरवणाऱ्या पुट्टस्वामी प्रकरणातला मुख्य निवाडा त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी लिहिला.

आता माझ्या टेबलावरचा कागद. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए कायदा आहे. लोक त्याला झोपडपट्टीदादांचा कायदा म्हणतात. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात आणि माणूस बारा महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. आई किंवा बायको प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा आणते. वर दोन पानी आदेश, खाली कारणं, त्याखाली ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांचे गोपनीय जबाब, नावं नसलेले, बहुतेकदा एकाच साच्यातले: चाकू दाखवला, खिशातले पैसे काढले, लोक घाबरून पळाले, दुकानांची शटरं पडली. मी तारखा बघते. पाच दिवसांत कारणं दिली का? बारा दिवसांत शासनाने मंजुरी दिली का? तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे प्रकरण गेलं का? स्थानबद्धाने केलेल्या निवेदनावर किती दिवस कुणी बसून राहिलं? झेरॉक्स वाचता येते का? या तारखांवर माणसं सुटतात. अशा सुटकेला बाहेर ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ म्हणतात, आणि ते ऐकलं की मला संताप येतो. ज्याच्यावर खटलाच नाही त्याच्याजवळ दुसरं काय आहे? पाच दिवस, बारा दिवस, तीन आठवडे, एवढ्याच काय त्या सरकारला घातलेल्या मर्यादा.

याहून कडक मर्यादा संसदेने एकदा मंजूर केल्या आहेत. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिच्यामुळे आता आणीबाणीतही कलम २१ साठी कोर्टाचं दार बंद करता येत नाही. त्याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने कलम २२ बदलायचं होतं: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणायची, मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायचं, त्याचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा सेवेत असलेला न्यायाधीश हवा. ते कलम कधी लागू करायचं ती तारीख केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. १९८१ मध्ये ए. के. रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगण्यात आलं, की सरकारला ही तारीख काढायला भाग पाडा; कोर्टाने तसा आदेश द्यायला नकार दिला. त्यानंतर दिल्लीत अनेक पक्षांची सरकारं आली, मिसात तुरुंगवास भोगलेली माणसं मंत्री झाली. अधिसूचना अजून निघालेली नाही.